उत्तराआधीचं थांबणं

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर एका बाईनं त्याचा हात धरला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. हात प्लास्टरनं पांढरा झालेला होता. वरच्या मजल्यावर, जिथे तो कवळ्या बनवायचा, तिथल्या नळाला सकाळपासून पाणी नव्हतं, म्हणून रिकामी बादली घेऊन तो खाली निघाला होता. बाई चाळिशी ओलांडलेली, अंगानं बारीक; गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती, शिवता शिवता उठून आल्यासारखी. "तुम्हीच ना ते? नावांचे अर्थ सांगणारे?" तो हो म्हणाला. "आमच्या ह्यांना सांगितलात तुम्ही. बसवर ड्रायव्हर आहेत ते, पायाला पट्टी होती बघा. त्या दिवसापासून अगदी शांत झालेत. झोप लागते त्यांना. म्हटलं, एकदा समोर जाऊन भेटून यावं." मग ती जरा घुटमळली आणि चांगली बातमी मुद्दाम शेवटाला राखून ठेवल्यासारखी म्हणाली, "ऑपरेशनला नको म्हणून कळवून टाकलं आम्ही." आणि ती उतरून गेली. तिच्या कपाळावर त्याच्या बोटांचा पांढरा डाग तसाच गेला. तो बादली धरून उभा राहिला. मनगटापासून कोपरापर्यंत काहीतरी ऊबदार चढत गेलं होतं आणि ते अजून उतरलं नव्हतं. कित्येक महिन्यांत त्याला असं काही झालं नव्हतं. चहाचा कप गरम आहे हे त्याला कळायचं, पण बाजूला उभं राहून कुणीतरी सांगावं तसं. हे तसं नव्हतं. हे त्याच्याच हातात होतं. तो खाली गेला, नळ सोडला, बादली भरत आली, काठावरून पाणी वाहून चपलांत शिरलं, तेव्हा कुठे त्या बाईचं शेवटचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं.

वर आल्यावर त्यानं अर्धवट राहिलेलं काम पुढे घेतलं. कुणा म्हाताऱ्याचा खालचा जबडा होता. दातांच्या डॉक्टरांकडून हिरड्यांचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार करायचा, त्यावर मेणाचा कठडा चढवायचा आणि मेणात एकेक दात बसवायचा. स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवायची, मेणाला लावायची, दात टेकवायचा, मेण निवेपर्यंत बोट तिथेच ठेवायचं. ज्याचे दात, तो माणूस त्याला कधी दिसत नसे. तोंडं मात्र शेकड्यांनी दिसत. पलीकडे यंत्रावर पॉलिश करणारा सोबती, ज्याला सगळे 'घाशा' म्हणत, तोंडावर फडकं बांधून बसलेला असे आणि फडक्यातूनच बोलत असे. "पाया पडायला आली होती ना?" घाशा म्हणाला. "इथे येऊन विचारून गेली. मी म्हटलं, असतील खाली, संत पाणी भरायला गेलेत." त्यानं पुढचा दात उचलला. बोलत नसे. घाशाला त्याची सवय झाली होती. बायको गेल्यापासून हा असाच आहे हे घाशानं एकदा मान्य करून टाकलं होतं आणि मग दोघांच्या वाट्याचं तो एकटाच बोलू लागला होता. बायको पोहायच्या तलावावर तिकिटं द्यायची. तिच्या केसांना, ओढणीला, उशीला तलावाच्या पाण्यात टाकायच्या औषधाचा वास असायचा. एका दुपारी ती खिडकीतून तिकीट द्यायला हात पुढे करताना तशीच गल्ल्यावर डोकं टेकून गेली. रांगेतल्या लोकांना वाटलं, झोप लागली. डोक्यातली शीर फुटली होती. त्याला बोलावून घेतलं, त्यानं ओळख पटवली, सह्या केल्या, लोक घरी आले, लोक गेले. या सगळ्यात आपण कुठे होतो हे त्याला आठवत नसे. गादीवर तो अजून आपल्याच बाजूला झोपायचा. दुसऱ्या बाजूचा तिचा खळगा हळूहळू वर येत होता, गादी आपोआप सपाट होत होती, आणि ते रोज सकाळी बघताना त्याला काहीच होत नव्हतं.

नावांचं प्रकरण त्यानंतरचं. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. जेवण झाल्यावर ताट बाजूला सारून ते मुलांना हिब्रू अक्षरं शिकवायचे, उजवीकडून डावीकडे, टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून. अक्षर वाळायच्या आत वाचायचं, असा खेळ. नावं फोडून दाखवायचे. शेवटी 'एल' आलं की समजायचं, देव आला. पण त्यांना जास्त आवडायची ती देव नसलेली नावं. राहेल म्हणजे मेंढी; तिथला 'एल' नुसता कानाला, अक्षरांत देव नाही. योना म्हणजे कबुतर. तामार म्हणजे खजुराचं झाड. "सगळीकडे देव घुसडलेला नाही बरं का," ते हसून म्हणायचे, "चांगली माणसंसुद्धा मेंढीच्या नावावर आयुष्य काढून गेली." त्यांनी मोठ्या मुलीला मधमाशीच्या अर्थाचं नाव दिलं आणि ह्याला कुत्र्याच्या. शाळेत कुणाला ते कळणं शक्य नव्हतं, पण ताईनंच वर्गात जाऊन सांगितलं. वडील गेल्यावर ते सगळं विसरायला झालं होतं. मग बायकोच्या जाण्यानंतर प्रार्थनाघरातले पाळक त्याला म्हणाले, घरी बसून काय करता, बुधवारी संध्याकाळी येऊन नावांबद्दल बोला, तुमचे वडील बोलायचे तसं. ते चांगल्या मनानं म्हणाले होते. तो गेला. लोकांनी आपापली नावं सांगितली, मुलांची सांगितली, त्यानं अर्थ सांगितले. सांगताना आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता. डोळे कुठेतरी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर. मेणात दात बसवावा तसा एकेक शब्द ठेवत होता. आणि लोक गप्प होऊन ऐकू लागले. त्याच्या चेहऱ्यावर काही हलत नाही, याचा अर्थ त्यांनी आपला आपण लावला. एका म्हातारीनं पाळकांना सांगितलं, ह्या माणसाजवळ बसलं की शांत वाटतं. पुढच्या बुधवारी खुर्च्या कमी पडल्या. नाव विचारून झाल्यावर लोक थोडे पुढे सरकून दुसरं काहीतरी विचारू लागले. मुलगी नांदेल का. परदेशात जाऊ का. तो म्हणायचा, मला नावाचा अर्थ तेवढा माहीत आहे. तेही त्यांना नम्रपणा वाटायचा.

ड्रायव्हर आला त्या बुधवारी तो शेवटच्या रांगेत बसला होता. दांडगा माणूस, एका पायात बूट, दुसऱ्याला पट्टी आणि त्यावरून प्लास्टिकची पिशवी. सगळे उठल्यावर त्यानं बसूनच विचारलं, "आणि माझं?" त्याच्या नावात दोनच तुकडे होते. एक बरं करणं, दुसरा देव. आता मेणात दात बसवताना तो क्षण त्याच्यापुढे पुन्हा येऊन उभा राहिला, आणि त्यात एक गोष्ट अशी होती की ती त्यानं तेव्हाच पाहिली होती आणि बाजूला ठेवून दिली होती. ड्रायव्हरनं विचारल्यावर तो लगेच बोलला नव्हता. उत्तर जिभेवर तयार होतं. शाळकरी पोरानंही सांगितलं असतं. पण तो थांबला होता. त्या थांबण्यात सगळी खोली त्याच्याकडे बघत राहिली, कुणीतरी सरकवत असलेली खुर्ची मध्येच थबकली, आणि त्याला, आत कुठेतरी तळाशी, बरं वाटलं होतं. आणि मग तो म्हणाला होता, "देव बरं करतो." नावात तसं नाही. नावात क्रियापद होऊन गेलेलं आहे: देवानं बरं केलं. कुणाला, कधी, काही नाही. 'केलं' म्हटलं असतं तर ते कुठल्यातरी जुन्या माणसाचं झालं असतं. 'करतो' म्हटल्यावर ते ड्रायव्हरचं झालं. व्याकरणातला एक तुकडा त्यानं इकडचा तिकडे केला होता, ऐकायला बरं वाटावं म्हणून. ड्रायव्हरचा चेहरा उजळला होता. ते बघून हा घरी आला होता आणि गाढ झोपला होता. सुरी दिव्यावर तशीच राहिली होती. तिचं टोक लाल झालं तेव्हा घाशानं पलीकडून हाक मारली.

वडिलांच्या बाबतीतही एक वर्ष असं आलं होतं. तो तेव्हा शाळेत होता. घरी माणसं येऊन बसायची, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. कुणी आजारी मूल घेऊन यायचं, ह्याचं नाव बदलू का विचारायचं. वडील डोळे मिटून बसायचे आणि मग बोलायचे. आई त्या दिवसांत भांडी फार जोरात ठेवायची. मग एके दिवशी वडिलांनी येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली. मला काही कळत नाही, म्हणायचे, मी शिक्षक आहे, शब्दाचा अर्थ हवा असेल तर या. लोक रागावले. एक गृहस्थ तर, आमच्याच वेळेला बरं ह्यांचं दुकान बंद झालं, असं जिन्यातून मोठ्यानं बोलत गेले. बऱ्याच वर्षांनी, आजारपणात, वडील त्याला म्हणाले होते, "मोह म्हणजे काही शिंगं लावून येत नाही रे. मला ते उत्तराआधीचं थांबणं आवडायला लागलं होतं. बस, एवढंच. उत्तर माहीत असायचं, तरी मी थांबायचो. कुणासाठी थांबायचो मी?" त्याला तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं होतं. त्यानं त्यांची उशी सारखी केली होती आणि पाणी हवंय का विचारलं होतं.

संध्याकाळी ताई आली. ती शाळेत गणित शिकवायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि भाऊ एकटा पडल्यापासून दर आठवड्याला डबा घेऊन यायची आणि तो खातो की नाही ते समोर बसून बघायची. त्यानं तिला ड्रायव्हरचं सांगितलं. पाय काळा पडत चालला आहे, साखरेचा आजार जुना आहे, डॉक्टरांनी गुडघ्याखाली काढायला सांगितला आहे, इतकं त्यानं दुपारी पाळकांना फोन करून विचारून घेतलं होतं. ताईनं डब्याचं झाकण लावलं. "तुझ्या तोंडावर काही हलत नाही म्हणून लोकांना वाटतं आत देव बसलाय," ती म्हणाली. "मला माहितीये, आत कुणीच बसलेलं नाही. दिवे घालवून घर बंद केलंयस तू." तो म्हणाला, "हो." "हो काय? चिडत तरी जा." तो चिडला नाही. ताई उठून खिडकीपाशी गेली, परत आली. "मग आता सोपं आहे ना," ती म्हणाली. "तुझं ऐकतोय तो. जा आणि सांग, मला साक्षात्कार झाला, देव म्हणाला डॉक्टरच्या हातानंच बरं करणार आहे. जाईल मुकाट्यानं. माणूस वाचेल." पाळकही फोनवर साधारण तेच म्हणाले होते, जरा मऊ शब्दांत: तुमच्या तोंडून आलं तर ते ऐकतील, देव कुणाला कसं वापरेल सांगता येत नाही. "ते खोटं होईल," तो म्हणाला. "झालं तर झालं," ताई म्हणाली. "पाय सडून मरण्यापेक्षा खोटं बरं. तुला तुझा आत्मा स्वच्छ ठेवायचाय आणि त्या बाईला नवरा. कुणाचं आधी?" ती गेल्यावर त्यानं डबा उघडला, पुन्हा बंद केला. ताईचं म्हणणं बरोबर होतं. घाबरवणारी गोष्ट ही होती की ते बरोबर आहे हे कळताच तो मनात ती वाक्यं जुळवू लागला होता. कुठे थांबायचं, कुठे हात ठेवायचा. आणि दुपारी जिन्यात चढली होती तीच ऊब, कुणी न धरताच, पुन्हा हातात चढू लागली होती. इतके महिने त्यानं वाट पाहिली होती, काहीतरी वाटावं म्हणून. आता वाटत होतं ते हे. त्यानं हात नळाखाली धरला.

दुसऱ्या दिवशी कामावरून तो तसाच त्यांच्या घरी गेला. बस डेपोच्या मागे एका लांब इमारतीत त्यांची खोली होती. शिवणयंत्र खिडकीशी, त्याच्याभोवती कापडाचे तुकडे, कुणाच्या तरी कोटाची एक बाही यंत्राच्या सुईखाली अडकलेली. ड्रायव्हर आरामखुर्चीत, पाय स्टुलावर. फिनेलचा वास होता आणि फिनेलच्या खाली दुसरा वास होता. तो येणार हे पाळकांनी आधी कळवलं होतं, म्हणून ड्रायव्हरच्या बायकोनं, त्या शिवणवालीनं, शेजारच्या दोन बायकांना बोलावून ठेवलं होतं. त्या भिंतीला टेकून हात बांधून उभ्या होत्या. त्याच्यासाठी एक खुर्ची मधोमध मांडली होती आणि तिच्यावर धुतलेली उशी. तो उशी बाजूला करून बसला. "या, या," ड्रायव्हर म्हणाला. आवाज मोठा, खुशीतला. "तुमची वाटच बघत होतो. काय आहे, आयुष्यभर मागच्या लोकांना नेलं मी. सत्तर-सत्तर माणसं. कुणी मला विचारलं नाही, बाबा तुला कुठे जायचंय. तुम्ही पहिले, ज्यांनी सांगितलं, माझ्या नावात काय आहे ते." तो हसला. "आईनं ठेवलं. तिला तरी कुठे माहीत होतं? तिला आपलं ऐकायला गोड वाटलं." मग त्यानं पाय किंचित पुढे केला आणि हसणं थांबवलं. "एकदा हात ठेवून म्हणा. तेच. जे त्या दिवशी म्हणालात ते."

बायका भिंतीपासून सरळ झाल्या. शिवणवालीनं पदरानं हात पुसले. खोली थांबली. त्याला ते ओळखीचं थांबणं चोहोबाजूंनी आपल्याकडे येताना जाणवलं, आणि त्या थांबण्याच्या मधोमध एक रिकामी जागा, त्याच्याच मापाची, त्यानं येऊन उभं राहावं म्हणून झाडून ठेवलेली. तिथे उभं राहिलं की ताईची वाक्यं आपोआप आली असती. हा माणूस उद्या सकाळी हॉस्पिटलात गेला असता, वाचला असता, आणि परवा ह्या इमारतीतलं प्रत्येक दार त्याच्यासाठी उघडलं असतं. त्याच्या हातातला गारठा कायमचा गेला असता. तो घाईघाईनं बोलला, शब्द एकमेकांत अडकवत, जसा तो कधी बोलत नसे. "मी चुकीचं सांगितलं होतं," तो म्हणाला. "करतो असं नाहीये ते. केलं असं आहे. देवानं बरं केलं. होऊन गेलेली गोष्ट आहे. कुणाला ते नाही त्यात. तुम्हाला असं नाही." ड्रायव्हर त्याच्याकडे बघत राहिला. "म्हणजे?" "म्हणजे एवढंच. जुना शब्द आहे. कुणाचं तरी मूल बरं झालं असेल, त्यांनी ठेवलं असेल." "आणि तुम्ही करतो का म्हणालात?" "बरं वाटलं म्हणून." "कुणाला?" "मला," तो म्हणाला. एक शेजारीण दुसरीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. शिवणवाली यंत्राला धरून उभी होती.

"असू दे," ड्रायव्हर म्हणाला, समजूत घातल्यासारखा. "केलं काय आणि करतो काय. नाव ते नाव. नावात बळ असतं." तो म्हणाला, "माझ्या बायकोच्या नावाचा अर्थ जीव असा होता. जिवंत असणं. पवित्र शास्त्रातल्या सगळ्यात पहिल्या बाईचं नाव." हे तो कुणाला सांगेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं; ते इतक्या सपाट आवाजात बाहेर आलं की जणू तो दाताचा रंग सांगत होता. "ती सेहेचाळिसाव्या वर्षी गेली. तिकीट देता देता." खोलीत कुणी हललं नाही. हे थांबणं वेगळं होतं. त्यात त्याला उभं राहायला जागा नव्हती. "मग ते नाव खोटं होतं?" ड्रायव्हरनं विचारलं. आवाजातली खुशी गेली होती. "नाही. नाव होतं. तिला हाक मारायला ठेवलेलं." ड्रायव्हरनं स्वतःच्या पायाकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाच्या सामानाकडे पाहावं तसं. "तुम्ही माझ्या जागी असता तर?" "पाय दिला असता." "देवावर भरवसा म्हणून?" "नाही. भीती वाटते म्हणून." ड्रायव्हरनं पाय स्टुलावर मागे घेतला. मग म्हणाला, "जा तुम्ही." शिवणवाली त्याला सोडायला दारापर्यंत आली नाही. जिना उतरताना त्याला हातांत काहीही जाणवत नव्हतं, कठड्याचं लोखंड गार आहे की नाही तेही नाही. त्याला वाटलं, मी माणूस घालवला. ताई म्हणत होती तेच खरं.

पुढच्या बुधवारी खुर्च्या मोकळ्या राहिल्या. शेजारणींनी जे सांगायचं ते सांगितलं होतं: त्यानं स्वतःच कबूल केलं, मनचं सांगतो म्हणून. आलेल्या थोड्या लोकांना त्यानं कबुतर, खजूर आणि मेंढी सांगितली. विचारलं की लगेच सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. एका गृहस्थांनी जांभई दिली. शांत वाटतं म्हणणारी म्हातारी मध्येच उठून गेली. पाळक शेवटी त्याच्याबरोबर खुर्च्या रचू लागले आणि म्हणाले, "सांभाळून बोलायला हवं होतं तुम्ही. लोकांचा आधार जातो." तो म्हणाला, "हो." ताईला त्यानं सगळं सांगितलं तेव्हा तिनं नुसता डबा पुढे सरकवला. ही तिची भांडायची सगळ्यात वाईट तऱ्हा होती. दिवस नेहमीसारखे गेले. ठसे आले, जबडे तयार झाले, मेण वितळलं, निवलं. अधूनमधून डेपोच्या बाजूनं जाणारी बस आली की तो ड्रायव्हरच्या जागी कोण बसलं आहे ते बघायचा, आणि तिथे कुणी ना कुणी बसलेलं असायचंच.

मग एका सकाळी शिवणवाली जिना चढून वरपर्यंत आली आणि दारात उभी राहिली. घाशानं यंत्र बंद केलं. ती आत आली नाही. "झालं ऑपरेशन," ती म्हणाली. "स्वतःच म्हणाले, चल. ताप चढला होता, त्यातच म्हणाले." "कसे आहेत?" "आहेत." तिनं दाराच्या चौकटीवरचा प्लास्टरचा ओघळ नखानं खरवडला. "गुडघ्याच्या वरून घ्यावा लागला. डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तर खालून भागलं असतं." तिच्या बोलण्यात दोष नव्हता. कापड किती लागलं ते सांगावं तसं ती सांगत होती. तो खाली बघत उभा राहिला. एरवी काहीही आतपर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागायचा, तसं हे नव्हतं. गुडघ्याच्या वरून, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. 'केलं' आणि 'करतो' यांच्यामध्ये जेवढं अंतर होतं तेवढा तो पाय होता. "येऊन जा एकदा," ती म्हणाली. "ते विचारत नाहीत. मीच म्हणतेय."

हॉस्पिटलात ड्रायव्हर खिडकीकडे तोंड करून पडला होता. दांडगा माणूस पलंगावर एकदम आखूड दिसत होता. पांघरूण एका बाजूला मध्येच सपाट होत गेलेलं. शिवणवाली चहा आणायला खाली गेली. तो लोखंडी स्टुलावर बसला. ड्रायव्हर खिडकीकडेच बघत म्हणाला, "झोप गेली माझी. तुम्ही ते पहिलं सांगितलंत तेव्हा कशी छान लागायची. दुसरं सांगितलंत आणि गेली." "हं." "त्याचा राग आहे मला. पायाचा नाही तेवढा. तसं कुणी माझ्याबद्दल बोललं नव्हतं कधी." "मला माहितीये," तो म्हणाला. "मला माफ करा असं म्हणायला आलो होतो." "म्हणा की मग." "करा." ड्रायव्हरनं मान वळवली. दाढी वाढली होती, डोळे तांबारलेले. त्यानं ह्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नीट, रस्त्याकडे पाहावं तसं, आणि जणू तिथे त्याला काहीतरी नसलेलं दिसलं. "तुम्ही तर माझ्याहून वाईट दिसता," तो म्हणाला. मग, उगाच वेळ जावा म्हणून विचारावं तसं, "त्याच नावानं हाक मारायचात का हो तुम्ही बायकोला? त्या जीववाल्या?"

"नाही."

"मग?"

तो लगेच बोलला नाही. ह्या वेळी खोलीत कुणी वाट बघत नव्हतं. पलीकडच्या पलंगावरचा म्हातारा घोरत होता, बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. त्याला फक्त तो शब्द तोंडात सापडत नव्हता. इतके महिने तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. तो घरातल्या घरातलाच होता, दोघांचाच, आणि एक गेल्यावर दुसऱ्याला त्याचं काही काम उरलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. जबडा दुखू लागला.

"टुकी," तो म्हणाला.

"टुकी?" ड्रायव्हर म्हणाला. "म्हणजे काय?"

"काही नाही. काहीच नाही त्याचं."

ड्रायव्हर उशीवर परत मागे टेकला. "टुकी," तो छताकडे बघून पुटपुटला, एकदा, चव घेतल्यासारखा, आणि दुसऱ्याच माणसाच्या जाड आवाजात ते नाव ऐकताना ह्याच्या नाकात एकदम तलावाच्या औषधाचा वास भरला, ओल्या केसांचा, खिडकीतून पुढे आलेल्या हाताचा. "छान आहे," ड्रायव्हर म्हणाला. "परत म्हणा."

त्याला परत म्हणता येईना. त्यानं प्रयत्न केला, पण आवाजाऐवजी दुसरंच काहीतरी वर येत होतं, ओबडधोबड, श्वास अडवणारं, आणि त्यानं दोन्ही हातांनी पलंगाचा दांडा धरला. तेवढ्यात शिवणवाली चहाचे कप घेऊन आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं मान हलवून तिला गप्प राहायची खूण केली. तिनं कप खाली ठेवले आणि पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला.